शंभराला जागा नाही

ठिणगीला राग आला की तिच्यापासून पाच हातांवर उभ्या माणसाला सिगारेट पेटवायला काडी लागत नाही, असं तिच्या शेडमधले लोक शपथेवर सांगायचे. त्यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मं त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता वेल्डिंग परीक्षा केंद्राच्या खिडकीसमोरच्या रांगेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

खिडकीतून तिच्या हातात निकालपत्रक आलं होतं. हातभर रुंदीचा छापील फॉर्म, त्यावर उभ्या निळ्या रेघांनी पाडलेले रकाने, आणि रकान्यांत संगणकाने ठोकलेली एकच ओळ: क्रमांक, नाव, गुण, परीक्षेची तारीख. गुणांच्या रकान्यात होतं ००. डाव्या समासात लाल शिक्का: अनुत्तीर्ण.

तिने कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. पुन्हा सुलटा केला. दोन्ही शून्यं तिथेच होती, डोळे वटारल्यासारखी.

“हे काय आहे?”

खिडकीआडच्या माणसाला सगळं केंद्र शिक्केवाला म्हणायचं. समोर दोन शिक्के, दोन गाद्या, आणि चेहरा असा की त्यावर कुठलाही शिक्का उमटला नसता.

“निकाल आहे, ताई.”

“शून्य?”

“दोन आहेत,” शिक्केवाला कागदाकडे बघून म्हणाला.

“अहो, मी आठ इंची नळीला नळी जोडून दिलीय! चार तास उभी होते. शून्य मिळवायला माणसाला निदान नळी तरी घरी विसरून यावं लागतं!”

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. ठिणगीने मागे वळून पाहिलं आणि ते हसू जागच्या जागी करपलं.

“नळी मी बघत नाही. नळीची एक्स-रे फिल्म काढतात, तीही मी बघत नाही,” शिक्केवाला म्हणाला. “मी कागद बघतो. साठ किंवा साठच्या वर असेल तर हिरवा, खाली असेल तर लाल. शून्य साठच्या खाली येतं.”

“आणि कागदच चुकला असेल तर?”

“कागद संगणकाने छापलाय. चुकतो तो माणूस.”

“मग तुम्ही कोण?”

“मी शिक्का,” तो म्हणाला. “पुढचे या.”

ठिणगीच्या शेजारी तिचे भाऊजी उभे होते. थोरल्या बहिणीचे यजमान, धंदा घड्याळदुरुस्तीचा. या माणसाने आयुष्यात जोराने श्वास सोडला नव्हता, कारण श्वासाने बारकी चाकं उडतात. स्कूटरवर तिला घेऊन आले होते आणि पुढे न्यायचेही तेच होते.

“मेव्हणीबाई, जरा दमानं घे,” ते पुटपुटले. “अकरा वाजून चार मिनिटं झालीत. पाचला अजून बराच वेळ आहे.”

पाचचं काय होतं, तेही सांगून टाकावं. गावाबाहेरच्या वीजकेंद्राचा मोठा बॉयलर चार वर्षांतून एकदा उघडतात. आत शिरून नळ्या जोडणारी वीस जणांची टोळी एकदाच ठरते, नावं नोंदवही उघडून एकदाच लिहितात, आणि त्या मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता ती वही बंद होणार होती. नाव लागायला उच्च दाबाच्या परीक्षेचा हिरवा शिक्का लागायचा. मागच्या खेपेला ठिणगी बॉयलरच्या दाराशी उभी राहून आतल्यांना वेल्डिंगच्या कांड्या पुरवत होती. आतून येणारा जोडकामाचा आवाज ऐकून तिला कळायचं की कोण घाई करतंय, कोणाचा हात कापतोय. आवाज ऐकत ऐकत दात आवळून तिने ते तीन आठवडे काढले आणि नंतर चार वर्षं रोज, अगदी रोज, नळीला नळी जोडली. जोडायची, कापून बघायची, शिव्या घालायची, पुन्हा जोडायची. शेडमधले म्हणायचे, हिने एवढ्या नळ्या जोडल्या की एकापुढे एक ठेवल्या तर समुद्रापलीकडून पाणी येईल.

आणि आता शून्य. तेही दोन.

“पाचपर्यंत मी या इमारतीचे टाके उसवते की नाही बघा,” ती म्हणाली आणि मागच्या अंगणाकडे चालू लागली.

अंगणात परीक्षेची शेड होती आणि शेडमध्ये परीक्षक मास्तर. सव्वीस वर्षांत मास्तरांनी सत्त्याण्णवच्या वर गुण दिले नव्हते. फिल्मवर दोष सापडला नाही तर ते भिंग घ्यायचे, भिंगातून सापडला नाही तर दुसरं भिंग घ्यायचे, आणि तेवढ्यानेही नाही भागलं तर उमेदवार उभा कसा राहतो यावर तीन गुण कापायचे.

“मास्तर, मला शून्य का?”

मास्तरांनी चष्मा वर केला. “कोणी दिलं?”

“तुम्ही!”

“मी?” मास्तर ताडकन उठले. त्यांनी कपाटातून वही काढली, पान काढलं आणि एका ओळीवर बोट आपटलं. “वाच! काय लिहिलंय?”

शंभर. आकड्यात आणि अक्षरी, खाली सही.

“तुझ्या फिल्मने आठवडाभर माझं जेवण गोड लागू दिलं नाही,” मास्तर ओरडले. त्यांना राग आला की कौतुक वाटलं हे कधीच कळायचं नाही, कारण दोन्हीला ते एकाच आवाजात ओरडायचे. “दोन्ही भिंगं लावली! उभी कशी राहतेस ते आठवून पाहिलं! कुठे बोट ठेवायला जागा नाही! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हा हात शंभर लिहायला वळला, आणि तू मला शून्य दाखवतेस?”

भाऊजींनी हळूच निकालपत्रक पुढे केलं. मास्तरांनी ते पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग त्यांचा आवाज खाली आला. हे तिथे कोणी कधी ऐकलं नव्हतं. शेडमधल्या एका माणसाच्या हातून हातोडी पडली.

“अरे देवा,” मास्तर म्हणाले. “हे माझंच काम.”

“तुमचं?”

“संगणक आला तेव्हा रिपोर्टवाली बाई विचारायला आली होती. मास्तर, गुणांना किती घरं ठेवू, दोन की तीन? मी म्हटलं, माझ्या हातून शंभर घेणारा जन्माला यायचाय. दोन पुष्कळ झाली.”

ठिणगी त्यांच्याकडे बघत राहिली. हाताशी एखादी जड वस्तू नव्हती म्हणून. नाहीतर सव्वीस वर्षांच्या नोकरीचा त्या दिवशी तिथेच निकाल लागला असता.

“म्हणजे तुमच्या तोऱ्यापायी माझा एक गेला?”

“एक नाही गेला,” मास्तर खालमानेने म्हणाले. “तो एकच तर शंभरातला खरा असतो. बाकी दोन शून्यंच.”

रिपोर्टची खोली पहिल्या मजल्यावर होती. दार उघडताच छपाईयंत्राच्या किंचाळण्याने तिघांचे कान बधिर झाले. सुया कागदावर आपटून छापणारं जुनं यंत्र. त्याच्या आवाजाला घाबरून त्या मजल्यावरची कबुतरं म्हणे पहिल्याच वर्षी गाव सोडून गेली. यंत्राशेजारी रिपोर्टवाली मावशी बसली होती. केस पांढरे, चष्मा दोरीला, आणि कानांत कापसाचे बोळे.

“मावशी, शंभराचं शून्य कसं झालं ते दाखवा,” ठिणगी यंत्राच्या वरताण ओरडली.

मावशीने यंत्र थांबवलं, बोळे काढले, कागद पाहिला, मास्तरांकडे पाहिलं. “जन्माला आली वाटतं,” ती म्हणाली. मास्तर छताकडे बघू लागले.

तिने पडद्यावर एक ओळ काढून दाखवली. “हे बघ. यंत्राला सांगावं लागतं, कुठल्या आकड्याला किती घरं. इथे मी दोन नऊ लिहिलेत, म्हणजे दोन आकडी गुण. आत साठवलेत शंभरच. पण छापताना उजवीकडून दोन घेतो आणि डावीकडे उरेल ते टाकून देतो. ओरडत नाही, विचारत नाही. टाकतो.”

“मग तिसरा नऊ लिहा.”

“लिहिते की. पंधरा वर्षं वाट बघतेय कोणी सांगायची.”

तिने लिहिला. यंत्र किंचाळलं. कागद बाहेर आला. चौघांनी डोकी जवळ आणली.

००.

“अजून तेच!” ठिणगीने टेबलावर मूठ आपटली, तशी मावशीच्या कपातल्या चहाने उडी मारली आणि, मावशी पुढे कित्येक दिवस सांगायची, पुन्हा त्याच कपात पडला.

भाऊजींनी खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्याला लावलं. “छापलाय,” ते म्हणाले. “एक छापलाय. पण रेघेवर.”

खरंच होतं. फॉर्मवर रकाने आधीच छापलेले. गुणांचा रकाना बरोबर दोन घरांचा. डावीकडे सरकलेला एक नेमका रकान्याच्या उभ्या रेघेवर बसला होता. इंग्रजी आकड्यातला एक म्हणजे तरी काय, उभी रेघच. तो रेघेत असा मुरला होता की भिंगाशिवाय ब्रह्मदेवालाही दिसला नसता.

“मग सगळं एक घर उजवीकडे सरकवा.”

सरकवलं. यंत्र किंचाळलं. एक रेघेच्या आत आला, दोन शून्यं त्याच्या मागे आली, शेवटचं शून्य उजव्या रेघेवर बसलं पण शून्यच ते, लपणार कुठे. स्वच्छ शंभर.

मावशीने सवयीने कागदाच्या कडेची भोकांची पट्टी टर्रकन फाडली आणि जीभ चावली.

गुणांच्या पुढे तारखेचा रकाना, आणि तारखेच्या पुढे कागदच संपत होता. सगळं एक घर सरकलं तसं सालातला शेवटचा नऊ भोकांच्या पट्टीवर छापला गेला होता. पट्टी गेली, नऊ गेला. कागदावर उरलं होतं १४/०७/२००.

“सन दोनशे,” भाऊजी म्हणाले. “तेव्हा वीज नव्हती.”

“भाऊजी!”

“नाही, मी आपलं म्हटलं.”

एवढ्या आरडाओरड्याने शेजारच्या खोलीतून नियंत्रक साहेब आले. केंद्रातले सगळे फॉर्म, सगळे रकाने आणि सगळे नियम त्यांच्या ताब्यात. इस्त्री अशी कडक की बसताना शर्टाचा आवाज यायचा. ते आधी बसले, मग त्यांनी सगळं ऐकलं, मग दोन बोटांनी कागद उचलला.

“असं करता येणार नाही. तारखेला दहा घरं. दिवसाला दोन, तिरकी रेघ, महिन्याला दोन, तिरकी रेघ, सालाला चार. समितीचा निर्णय आहे.”

“मग गुणांना तीन घरं द्या!”

“गुणांना दोन. तोही समितीचा निर्णय आहे.”

“मग मधली एक तिरकी रेघ काढा. एक रेघ! तिच्यात असं काय आहे?”

साहेबांना धक्का बसलेला दिसला. “बाई, तिरकी रेघ की आडवी रेघ यावर समिती अकरा महिने बसली होती. दोन सभासद अजून एकमेकांशी बोलत नाहीत.”

“आणि फॉर्म नवे छापले तर?” भाऊजींनी विचारलं.

साहेबांनी उठून खिडकी उघडली. अंगणापलीकडच्या गोदामाचं दार अर्धंच लागत होतं, कारण आत जमिनीपासून छतापर्यंत फॉर्मचे गठ्ठे होते. एकदाच छापून घेतलेले. रोज पन्नास माणसं नापास केली तरी ते तीन पिढ्या पुरतील, असं केंद्रात बोललं जायचं.

“आधी हे संपायला हवेत,” साहेब म्हणाले. खिडकी लावून ते पुन्हा बसले, शर्ट वाजला, आणि त्यांचा चेहरा एकाएकी मायाळू झाला. “त्यापेक्षा सोपं सांगू का? फेरपरीक्षा द्या. आज दुपारीच घ्यायला सांगतो मास्तरांना, तुमच्यासाठी नियम वाकवतो. फक्त काय करा, कुठेतरी एक बारीक छिद्र राहू द्या. टाचणीच्या टोकाएवढं. एक गुण कापला जाईल, नव्व्याण्णव येतील, रकान्यात बसतील, हिरवा शिक्का घेऊन जा. कोणाचंच नुकसान नाही.”

मावशीने कापसाचे बोळे पुन्हा कानात घातले.

“साहेब,” ठिणगी म्हणाली. आवाज इतका खाली होता की भाऊजी दोन पावलं मागे सरकले. तिच्या बहिणीशी वीस वर्षं संसार केल्याने त्यांना हा आवाज ओळखीचा होता. “तुम्ही कधी बॉयलरजवळ उभे राहिलात?”

“माझं काम कार्यालयीन आहे.”

“टाचणीएवढं छिद्र. त्यातून जी वाफ येते ना, ती दिसत नाही. शिटी ऐकू येते फक्त. शिटी कुठून येतेय ते शोधायला आम्ही झाडूची काठी पुढे धरून चालतो. काठीचं टोक तुटून पडलं की कळतं, इथे आहे. काठी न धरता गेलेल्या एका माणसाला मी ओळखत होते. आणि तुम्ही मला सांगताय, छिद्र ठेव, म्हणजे तुमची तिरकी रेघ वाचेल?”

“परीक्षेची नळी बॉयलरला कुठे लावायची असते?”

“हात तर तोच लावायचा असतो!” आता आवाज सुटला. तळमजल्यावरची रांग म्हणे एक पाऊल मागे सरली, आणि यंत्राने बंद असूनही एक ओळ छापली. “चार वर्षं मी या हाताला एकच गोष्ट शिकवली, छिद्र ठेवायचं नाही! आता तुमच्या रकान्यासाठी त्याला उलटं शिकवू? उद्या आत गेल्यावर तो विचारेल, बाई, आज शंभर की नव्व्याण्णव? तेव्हा त्याला काय सांगू, साहेबांना विचारून येते?”

“मास्तर, समजवा यांना,” साहेब म्हणाले.

“छिद्र ठेवलं तर मी तीस कापीन,” मास्तर गुरकावले. “मुद्दाम ठेवलेल्याचे वेगळे.”

ठिणगीने मावशीकडे मोर्चा वळवला. “मावशी, मी पहिलीच का?”

मावशीने एक बोळा काढला. “काय पहिली?”

“जिच्या शंभराचं शून्य झालं ती. आत साठवलेलं असतं म्हणालात ना? काढा सगळे.”

“त्याची गरज नाही,” साहेब म्हणाले. पण मावशीची बोटं आधीच चालू लागली होती. पंधरा वर्षांचे निकाल चाळून होईतो तीन वाजून गेले. यंत्र किंचाळलं. यादी फार मोठी नव्हती. तीन ओळी. एक ठिणगीची. दोन जुन्या.

“मी नाही दिले!” मास्तर म्हणाले. “ही माझ्या रजेतली. तो बदली परीक्षक यायचा ना, पातळ मनाचा माणूस.” मग जरा थांबून म्हणाले, “फिल्म असतील अजून. पाहायला हव्यात.” आणि ते स्वतःच कोपऱ्यातल्या फिल्मच्या कपाटाकडे गेले.

पहिली ओळ कोणा परगावच्या माणसाची होती. दुसऱ्या ओळीतलं नाव मावशीने वाचलं आणि तिचा हात थांबला.

नेमक्या त्या वेळी दारातून शिक्केवाला आत आला. आवाजाने खिडकीचं काम बंद पडलंय, खाली लोक घाबरलेत, वर काय चाललंय, असं विचारायला आला होता. दोन्ही शिक्के हातात होते. ते तो जेवायलाही बरोबर नेत असे.

“हे तुम्ही ना?” मावशीने त्याच्यापुढे कागद धरला.

शिक्केवाल्याने वाचलं. ओठ हलवत, शाळेतल्यासारखं. त्याचं नाव. शंभर. नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

“तुम्ही वेल्डर होतात?” ठिणगीने विचारलं.

“सात वर्षं,” तो म्हणाला. “शून्य आलं. खिडकीवर विचारलं, तेव्हा तिथे दुसरा माणूस होता. तो म्हणाला, संगणकाचा कागद आहे.” त्याने कागद खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. “मी मानलं. म्हटलं, मशीन कशाला खोटं बोलेल. नंतर हातात कांडी धरली की हात थरथरायचा. इथे जागा निघाली, लागलो. नऊ वर्षं रोज घरी जाताना ती नळी डोळ्यांपुढे आणतो आणि शोधतो, कुठे चुकलो.”

मास्तर कपाटापाशी एक फिल्म उजेडात धरून उभे होते. एक भिंग लावलं. दुसरं लावलं. मग भिंगं खिशात टाकून म्हणाले, “कुठेच नाही.” आणि या वेळी ते ओरडले नाहीत.

“त्या परगावच्या माणसाला लाल मीच मारलाय,” शिक्केवाला म्हणाला. “सहा वर्षांपूर्वी. तोही असाच खिडकीशी उभा होता. मी त्याला म्हणालो…” त्याने वाक्य पुरं केलं नाही. त्याचा कोरा चेहरा हळूहळू लाल होत गेला, कानापासून सुरू होऊन. ठिणगीला राग ओळखता यायचा; पण नऊ वर्षं झाकून ठेवलेला राग उघडताना तिने पहिल्यांदाच पाहिला, आणि तिचा स्वतःचा क्षणभर बाजूला सरला.

“पावणेचार,” भाऊजी म्हणाले.

मावशीने चष्मा पुसला. “एक घर हवंय ना? महिन्यातलं शून्य काढते. सातव्या महिन्याला नुसता सात पुरे. त्याआधी शून्य लावून कोणाचं भलं झालंय?”

“नियमात दोन घरं आहेत!” साहेब म्हणाले. “आणि ऑक्टोबर आला की? तेव्हा महिन्यात शून्य पुढे नसणार!”

“ऑक्टोबरपर्यंत समिती बसवा. खुर्च्या मी पुसून ठेवते.”

यंत्र किंचाळलं. मावशीने या वेळी पट्टी हळू फाडली. गुण १००. तारीख १४/७/२००९. सगळं कागदावर, एकही आकडा बाहेर नाही. मास्तरांनी तिथेच उभ्या उभ्या सही ठोकली, निब मोडेपर्यंत.

“या कागदावर शिक्का मारायचा नाही,” साहेब शिक्केवाल्याला म्हणाले. “तारीख नियमबाह्य आहे. मारलात तर घरी बसाल.”

शिक्केवाल्याने हिरवा शिक्का उचलला, तोंडाजवळ नेऊन त्यावर वाफ सोडली आणि मारला. टेबलाचे चारही पाय जमिनीत बोटभर रुतले, असं मावशी सांगायची. त्यातलंही निम्मं सोडून द्या.

“बसेन,” तो म्हणाला. मग मावशीकडे वळला. “आता माझा छापा.”

“छापते. पण…” मावशी घुटमळली. “तुमची परीक्षा नोव्हेंबरातली. अकरावा महिना. त्यात काढायला शून्य नाही. शंभर पूर्ण छापले तर सालाचा शेवटचा आकडा पट्टीवर जाणार. आणि तसाही परवाना तीन वर्षांचाच असतो. सहा वर्षांपूर्वीच संपला तो.”

“मला माहीत आहे किती वर्षांचा असतो. शंभर पूर्ण छापा.”

“आणि साल?”

“साल गेलंच आहे.”

यंत्र किंचाळलं. त्याने कागद स्वतः ओढून घेतला, स्वतःच्या हाताने पट्टी फाडली आणि सालाचा शेवटचा आकडा भोकांसकट साहेबांपुढे टेबलावर ठेवला. ठिणगीला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. शेडवर या, हात बसेल पुन्हा, असं काहीतरी. पण त्याने वर पाहिलं नाही. तो कागद उजेडात धरून ओळ वाचत होता, आणि तसल्या वेळी माणसाच्या खांद्याला हात लावू नये एवढं तिला कळत होतं. तिने कोपऱ्यातल्या कपाटावर खिशातल्या खडूने आपल्या शेडचा पत्ता लिहिला, मोठ्या अक्षरांत, आणि जिन्यावरून धावत सुटली.

भाऊजींनी त्या दिवशी स्कूटर अशी हाणली की वाटेतल्या घड्याळांचे काटे मागे पडले. वीजकेंद्राच्या फाटकाशी टोळीचा फोरमन वहीला टोपण लावत होता. पाचला तीन मिनिटं कमी होती. भाऊजींनी त्याला दोन घड्याळांवर दाखवली.

फोरमनने निकालपत्रक घेतलं. हिरवा शिक्का पाहिला, मान डोलावली, टोपण काढलं. मग त्याची नजर उजवीकडे सरकली आणि तो हसला.

“शंभर? उच्च दाबाला?” तो म्हणाला. “छापताना चुकलेलं दिसतंय. असो, शिक्का आहे ना, चालेल. नाव सांगा.”

भाऊजींनी डोळे मिटले आणि श्वास रोखून धरला.

ठिणगीने नाव सांगितलं नाही. तिने हात पुढे करून फोरमनच्या बोटांतून पेन काढून घेतलं, वही आपल्याकडे फिरवली आणि विसाव्या ओळीत स्वतःच नाव लिहिलं, पुढे गुण लिहिले, आकड्यात आणि अक्षरी. वहीत गुणांचा रकाना नव्हताच. ती लिहीत शेवटच्या रेघेपर्यंत गेली आणि रेघ ओलांडून पुढेही गेली, आणि अशी दाबून लिहीत गेली की ते शंभर खालच्या सात कोऱ्या पानांवर उमटले.